हरकत नसल्यास

सगळे त्यांना बाईसाहेब म्हणत, तोंडावर मानानं आणि पाठीमागे चेष्टेनं. अनेक देशांनी मिळून चालवलेल्या एका संस्थेत बाईसाहेबांची उभी हयात गेली, आणि निवृत्त झाल्यावर तिथल्याच निवृत्तांची संघटना त्यांच्या गळ्यात पडली. पगार नाही, मानधन नाही, चहाही पदरचा. कुणाचं पेन्शन अडलं, कुणाच्या बायकोला विम्याचे कागद कळेनात, की फोन बाईसाहेबांना. एरवी बाईसाहेब स्वतःच सगळ्यांना फोन करून "आहात ना?" विचारायच्या.

"ताई, लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस," धाकटी बहीण म्हणायची, "आणि लष्कर कधीच निघून गेलंय."

खोटं नव्हतं. तळघरातल्या खोलीत सभा भरे तेव्हा खुर्च्या जास्त आणि डोकी कमी. त्यातल्या दोघांना ऐकू येत नसे आणि तिसरा ऐकायला तयार नसे. हा तिसरा म्हणजे दुभाषी. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं आपल्या तोंडून बोलला, त्यामुळे आता स्वतःचं म्हणणं मांडायची त्याला कोण हौस. प्रत्येक ठरावाला त्याची हरकत. खिडकी उघडायची म्हटलं तरी हरकतीचा हात वर. बाईसाहेब त्याच्यावर डाफरायच्या, पण तो आला नाही की सभा लवकर आटपायच्या.

मग बाईसाहेबांचे गुडघे बोलू लागले. पद घ्यायला कुणी पुढे येईना. इमारतवाल्यांनीही खोली कधी रिकामी करताय, अशी विचारणा केली. बाईसाहेबांनी एक मसुदा लिहिला : संघटना बंद करावी, महिनाअखेरच्या शुक्रवारपर्यंत हरकत न आल्यास हे सर्वांना मान्य आहे असं समजलं जाईल. त्यांच्या संस्थेची ही जुनी रीत. मोठमोठे देश असेच गप्प बसून होकार देत, आणि एकानं जरी तोंड उघडलं तरी ठराव बारगळे.

बहिणीनं मसुदा वाचला. "तुला बंद करायचीच नाहीये, ताई. तुला कुणीतरी 'करू नका' म्हणायला हवंय."

बाईसाहेबांनी चष्मा पुसला. 'कुणीतरी' म्हणजे कोण, हे दोघींनाही ठाऊक होतं. मसुदा सगळ्यांना मोबाइलवर गेला. या वेळी मात्र मुदत संपेपर्यंत, महिनाभर, त्यांनी एकालाही फोन केला नाही. फोन करणं म्हणजे भीक मागणं, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

शुक्रवार गेला. कुणी ब्र काढला नाही. शनिवारी संघटनेचं कपाट भंगारात गेलं आणि किल्ल्या इमारतवाल्यांच्या हातात. दोन दिवस बाईसाहेब घरात धुमसत राहिल्या. एवढ्या तेवढ्याला हरकत घेणारा माणूस, आणि नेमका यालाच गप्प? सोमवारी त्या जाब विचारायला त्याच्या दारात उभ्या राहिल्या.

दार सुनेनं उघडलं. "या काकू. बाबा आत आहेत. पण बोलता येत नाही त्यांना. झटका आला, महिना होत आला आता."

"मला कळवायचंत की गं."

"मला वाटलं, तुम्हाला कळलंय. म्हणूनच तुमचा फोन यायचा थांबला."

बाईसाहेबांनी चौकट धरली. मग हळूच विचारलं, संघटनेचा निरोप त्यांच्यापर्यंत गेला का?

"मीच वाचून दाखवला. ऐकलं त्यांनी. मग कितीतरी वेळ हात वर करत होते. मला वाटलं, तहान लागलीय. पाणी पाजलं."

आत तो उशीला टेकून बसला होता. तोंडाची एक बाजू ओघळलेली, डोळे मात्र जागे. बाईसाहेब शेजारच्या स्टुलावर बसल्या. ज्यांच्या गप्प बसण्याला त्यांनी होकार धरला होता, त्यांतले आणखी किती जण असेच पडून असतील? किती जण मुळात उरलेच नसतील?

"बंद केली मी," त्या म्हणाल्या. "मुदतीत हरकत आली नाही."

त्याचा बरा हात चादरीवरून सुटला आणि वर आला. सून लगबगीनं पेल्याकडे वळली.

"पाणी नकोय त्यांना," बाईसाहेब म्हणाल्या. सून पेला तसाच धरून वाट बघत राहिली.