काझी सरांची शेवटची बॅच

कुठलीही वस्तू हातात आली की ती कुठून तुटेल, हे काझी सर आधी पाहायचे. खुर्ची असो, छत्रीची काडी असो, नाहीतर कॅन्टीनमधला झारा. पहिल्याच तासाला त्यांनी माझी प्लास्टिकची पट्टी उचलली, दोन्ही हातांनी वाकवली आणि वर्गाला विचारलं, "हे कुठून तुटन? सांगा." कोणी म्हणालं मधून, कोणी म्हणालं टोकाकडून. सर म्हणाले, "अंदाज ठीक हाये. पण उद्या तुमच्या पुलावरून तुमचीच माय जाईन, तवा तिले अंदाज सांगसान का?" आणि पट्टी न तोडता मला परत दिली.

अमरावतीच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते मेकॅनिकलच्या मुलांना फायनाइट एलिमेंट ॲनालिसिस, म्हणजे जोर पडल्यावर वस्तू कुठे वाकेल, कुठे तुटेल याचं गणित, शिकवायचे. मूळचे बाळापूरचे, घर अकोल्यात. सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरायचे आणि तिथून ऑटोने कॉलेज गाठायचे. या विषयाची आम्हाला धास्ती होती. पानभर पसरलेले आकड्यांचे चौकोन, मॅट्रिक्स, पाहून पोरं शेवटच्या बाकांकडे सरकायची. सर फळ्यावर वेडावाकडा दगड काढत आणि म्हणत, "पुऱ्या वस्तूले एकदम इचारलं तं ते काईच सांगत नाई. तिचे बारके तुकडे करा. एकेका तुकड्याले इचारा, तुले ढकललं तं तू किती सरकशीन? मंग सगळे जोडा." एवढं ऐकलं की मॅट्रिक्स जरा कमी अंगावर यायचे.

सॉफ्टवेअरवर त्यांचा राग नव्हता, पण विश्वासही नव्हता. पडद्यावर ताण दाखवणारं लाल-निळं चित्र उमटलं की आम्ही खूश व्हायचो. ते विचारायचे, "हातानं किती आलं?" हाताने काढलेलंच नसायचं. एकदा माझ्या ब्रॅकेटचं, म्हणजे आधार देणाऱ्या लोखंडी कोनाचं, गणित काही केल्या सुटेना; कॉम्प्युटर नुसती चूक दाखवत राहिला. सरांनी खुर्ची ओढली, क्षणभर पाहिलं आणि हसायलाच लागले. "बेटा, तुनं त्याले कुठं बांधलंच नाई. मोकळी वस्तू ढकलशीन तं ते जाईनच ना! तो बिचारा कॉम्प्युटर काय उत्तर देईन?"

आम्ही तिसऱ्या वर्षाला असताना आमच्या ब्रँचला मुलं येईनाशी झाली. ज्याला त्याला कॉम्प्युटर हवं होतं. उन्हाळ्यात मॅनेजमेंटने शिक्षकांनाच मुलं आणायला घरोघर पाठवलं. माझा धाकटा भाऊ सुमित त्याच वर्षी बारावी झाला होता. मे महिन्याच्या भर दुपारी सर अकोल्याच्या आमच्या घरी आले, तेव्हा मला आधी वाटलं की माझंच काही चुकलं. मी पाणी दिलं. त्यांनी ग्लास रिकामा केला आणि माझ्याकडे न पाहता कॉलेजचं रंगीत पत्रक बाबांपुढे ठेवलं.

बाबांनी सरळच विचारलं, "सर, मेकॅनिकल घेतलं तर पोराले नोकरी लागन का?"

सरांनी पत्रक परत उचललं आणि त्याची घडी घातली. मग सर म्हणाले, "भाऊ, मले तं तुमाले हो सांगाले पाठवलं हाये. पण मले नाई म्हणता येत." मग ते सुमितकडे वळले. "तुले काय आवडते रे?" सुमित घाबरत घाबरत म्हणाला, कोडिंग. सरांनी त्याला थोडे प्रश्न विचारले आणि बाबांना म्हणाले, "त्याले कॉम्प्युटरच घेऊ द्या. पोरगं हुशार हाये."

त्यांनी चहा घेतला. मी फाटकापर्यंत गेले. काहीतरी बोलावं असं फार वाटत होतं. सरच म्हणाले, "उनात नोको उभी राहू."

त्या वर्षी आमच्या ब्रँचचे प्रवेश बंद झाले. आम्ही चौथ्या वर्षाला गेलो तेव्हा आमच्या मागे फक्त दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची दोन-चार मुलं उरली होती, आणि तीही पुढे दुसऱ्या कॉलेजांत पांगली. शेवटच्या सत्रात एका दुपारी प्रॅक्टिकल चालू असताना कॉम्प्युटर न्यायला माणसं आली. ते वरच्या मजल्यावर, कॉम्प्युटर ब्रँचच्या नव्या वर्गांना हवे होते. माझं ॲनालिसिस तेव्हा चालू होतं, किती काम झालं ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी निम्मीही भरली नव्हती. सरांनी मॉनिटरवर हात ठेवला. "एवढं होऊ द्या ना भाऊ. चालू हाये."

शिपाईकाका आमच्या ओळखीचे, भला माणूस. ते म्हणाले, "मी थांबलो असतो सर. पण वरतून दोनदा फोन आला."

थोडा वेळ सगळेच त्या पट्टीकडे पाहत उभे राहिले. ती हळूहळू सरकत होती. पुन्हा फोन वाजला. सरांनी हात काढून घेतला आणि स्वतःच वाकून बटण बंद केलं.

टेबलं रिकामी झाल्यावर ते खडू घेऊन फळ्याशी गेले. "हातानं जेवढं होते तेवढं करू." माझ्या ब्रॅकेटचे हजारो तुकडे होते. तास संपेपर्यंत आमचे तीन झाले.

आम्ही पास होऊन बाहेर पडलो आणि सरांची नोकरी गेली. अमरावतीतल्या एका क्लासने त्यांना घेतलं, पण तिथे झटपट उत्तराची युक्ती हवी होती आणि सर उत्तर कुठून आलं ते सांगत बसायचे. ते काही महिने टिकले. मग बाळापूरला भावाच्या दुकानात बसू लागले.

मला पुण्यात याच विषयातली नोकरी लागली. मी तिथल्या साहेबांना सरांबद्दल सांगितलं, त्यांची माहिती पाठवली, मागे लागले. उत्तर आलं: वय जास्त आहे, कंपनीतला अनुभव नाही. हे सांगायला मी सरांना फोन केला. सरांनी मला वाक्य पुरं करूच दिलं नाही. "मले वाटलंच होतं. ते जाऊ दे. तू काय करून राहिली, ते सांग."

मी सांगू लागले. गाडीच्या खालचा एक भाग, खड्ड्यातून जाताना त्याला बसणारा दणका, एका कोपऱ्यात न पटणारा आकडा. ते मध्येमध्ये विचारत होते, किती बारके तुकडे केले, कुठे बांधलं. मागे दुकानात कोणीतरी त्यांना हाक मारत होतं. ते "हो, आलो" म्हणत होते आणि हलत नव्हते. त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा चढला होता.

"मंग? तो कोपरा कसा सोडवला?"

मी थांबले. "सर, पुढचं सांगता येणार नाही. कंपनीचं आहे."

मागून दुकानातली हाक पुन्हा ऐकू आली.

"हां," सर म्हणाले, "ते तं हायेच."