हायपोची पुडी

आमच्या गावच्या ढोरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर माणसांवर खेकसायचा आणि गाईला ‘माय’ म्हणायचा. मी शाळेत विज्ञान शिकवायचो, म्हणजे मला सगळंच कळत होतं. कापलेल्या ज्वारीला फुटलेले कोवळे फुटवे मी कौतुकानं आमच्या गाईपुढे टाकले. थोड्याच वेळात ती धापा टाकत कोसळली.

निरोप मिळताच कंपाउंडर आला, गव्हाणीत डोकावला आणि भडकला. “गुरुजी, काऊन चारले हे? इच्या पोटातले जंतू त्याचं जहर करून राह्यले!”

“पण चांगलं हिरवंगार दिसत होतं...”

“तुमी भी माणसावानी दिसता!”

असं म्हणून तो सायकलवरून थेट फोटो स्टुडिओत गेला आणि फोटो धुवायच्या हायपोची पुडी घेऊन आला. पाण्यात कालवून बांबूच्या नळीनं पाजू लागला. “पी माय, पी. जहराले हाच उतारा. गुरुजी, तोंड धरा! तिचं! मंग तुमचं भी धरा.”

दिवेलागणीला गाय उभी राहिली. मी दाव्यासाठी हात पुढे केला. त्यानं ते माझ्या बायकोच्या हाती दिलं.

“बाई, हे यायच्या हाती देऊ नका.”

गाय पुढे तीनदा व्यायली. दावं मला अजून मिळालेलं नाही.