माळ्यावरची बरणी

खारघरहून नवीन पनवेलला आईकडे मी एरवी रविवारीच जाते. त्या दिवशी ऑफिसमधून लवकर सुटले म्हणून न कळवताच गेले. माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच थबकले.

आई वर चढली होती. एक पाय ओट्यावर, दुसरा प्लास्टिकच्या स्टुलावर. माळ्यावरून काढलेली लोणच्याची बरणी दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. पाठ माझ्याकडे. कानाचं मशीन खिडकीत पडलं होतं.

साधी हाक तिला ऐकू जाणार नव्हती, आणि ओरडले तर दचकून वळली असती. मागून हात लावणं त्याहून धोक्याचं. ओट्यावरचा पाय तिने जरा उचलला तसं स्टूल डुगडुगलं. ती तशीच थांबली. बरणी घेऊन वाकता येत नव्हतं आणि आधाराला हात मोकळा नव्हता.

मी भिंतीच्या कडेने, फ्रिजजवळून, तिला दिसेन अशी सरकत गेले. तिने मला पाहिलं. ओठ घट्ट मिटले.

"सोड ती," मी खुणेने म्हटलं.

"फुटेल."

"फुटू दे."

तिने सोडली नाही. मी गुडघ्यांनी स्टूल दाबून धरलं, तिच्या कमरेला विळखा घातला. माझ्या खांद्यावर बरणी टेकवत ती इंचाइंचाने उतरली. मग आम्ही दोघी खाली फरशीवरच बसलो. तिने मशीन मागितलं, कानात घातलं.

"आयुष्यभर हाडांच्या वॉर्डात नर्स होतीस," मी म्हणाले. "खुबा मोडलेली माणसं तू उचललीस. आणि तू स्टुलावर चढतेस?"

"कैऱ्या आज आणल्या. रविवारपर्यंत पिकल्या असत्या."

मग तिने साडी घोट्यावरून थोडी वर केली. नडगीवर हिरवट पडलेला मोठा डाग होता.

"बाथरूममध्ये घसरले होते. मागच्या आठवड्यात."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर मला खारघरला नेलं असतंस. हे घर बंद झालं असतं."

खरंच नेलं असतं.

आम्ही त्या संध्याकाळी भांडलो, मग कैऱ्या चिरता चिरता ठरवलं. माळ्यावरचं रोजचं सामान खाली आलं. बाथरूममधलं सरकणारं पायपुसणं गेलं. कमोडशेजारी दांडी बसवली, तेव्हा आईने तिच्यावर सगळा भार टाकून बघितला आणि प्लंबरला म्हणाली, "हलतेय. पुन्हा बसवा." त्याने बसवली. घरात असताना मशीन कानातच ठेवायचं, हे मात्र तिने तोंड वाकडं करून मान्य केलं.

आई अजून त्याच घरात एकटी राहते. सकाळी मी फोन करते. तो वाजत राहिला की मी हातातलं काम ठेवून उभी राहते, ती "हं, बोल" म्हणेपर्यंत.