लग्नातला माकुलेले

भांडुपला चेतना कुठे राहते असं नुसतं विचारलंत तर कुणी सांगणार नाही. ‘ती आफ्रिकन ढोलवाली’ म्हणा, लोक दारापर्यंत आणून सोडतील. आफ्रिकन कुठलं, ब्राझीलचं! पण सांगून सांगून बाई दमली. गुलाम म्हणून ब्राझीलला नेलेल्या आफ्रिकी माणसांनी तिथे जपलेला लढाईचा खेळ म्हणजे कापोएरा, आणि त्याच्याच जोडीचा काठ्यांचा नाच म्हणजे माकुलेले. दिवसा घाटकोपरच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचं आणि सुट्टीला लग्नांत, मॉलमध्ये हा कार्यक्रम करायचा, असं तिचं चाललेलं. वडील भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवायचे, त्यामुळे हात घरातूनच तयार झालेला. आई गेल्यावर धाकट्या आकाशला तिनेच वाढवलं. कापोएराच्या क्लासला जाताना त्याला घरी एकटा कसा ठेवायचा, म्हणून बरोबर न्यायची. ती वाजवायला शिकली, तो नाचायला शिकला.

माकुलेलेत तीन ठोक्यांना पावलं टाकायची आणि चौथ्याला समोरच्याच्या काठीवर काठी मारायची. ठोका चुकला तर काठी बोटांवर बसते. म्हणून चेतनाने ग्रुपला एकच नियम घालून दिलेला. माझा ढोल थांबला की असाल तिथे थांबायचं आणि हात खाली. समोर मंत्री का बसलेला असेना! बाकीचे, अगदी आकाशचा जोडीदार यज्ञेशसुद्धा, कधी विसरायचे, शिव्या खायचे. आकाशच्या मात्र तो अंगात मुरला होता. घरात ती नुसती गप्प बसली तरी हातातलं टाकून विचारायचा, “काय झालं गं ताई?”

बोरीवलीच्या त्या लग्नाचं काम आलं तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली होती. ट्रायलला मुलीचे मामा आले, काठ्या बघितल्या आणि तोंड वाकडं करून म्हणाले, “ये तो दांडियाच झाला. दांडिया आमची पोरं करतात ना!” आता बोरीवलीत काठ्या घेऊन नाचल्यावर दुसरं काय ऐकायला मिळणार? मामांना ठिणग्या हव्या होत्या. ब्राझीलमध्ये हाच नाच कोयते घेऊनही करतात, हे त्यांनी मोबाइलवर बघून ठेवलेलं.

“कोयते नाहीत,” चेतना म्हणाली.

“ताई, किती वर्षं दांडिया म्हणून घ्यायचं यार?” आकाश वैतागला. “बोथट कोयते आहेत आपल्याकडे. प्रॅक्टिस केलीय. मी आणि यज्ञेश करतो ना, टेन्शन काय घेतेस?”

बोथट झालं तरी लोखंड ते लोखंडच. पण ‘दांडिया’ हा शब्द तिलाही झोंबला होता. खोटं कशाला बोला, फार झोंबला होता. ती हो म्हणाली.

लग्नाच्या संध्याकाळी मैदानावर पोचल्यापासून एकेक गोष्ट वाकडीच जायला लागली. चेतना नेहमी नाचणाऱ्यांच्या समोर बसते, दोघांना तिचे हात दिसतील अशी. इव्हेंट सांभाळणाऱ्या श्वेताने तिचा ढोल उचलायला लावून कोपऱ्यात, फुलांच्या कमानीआड ठेवला. “मॅम, तुमच्यामुळे स्क्रीन झाकतेय. माइक आहे ना!” तिथून आकाशचा चेहरा दिसत होता आणि यज्ञेशची पाठ. चेतना ढोल पुन्हा पुढे ओढायला उठली. तेवढ्यात निवेदकाने नाव पुकारलं आणि दिवे मंद झाले.

सुरुवात झकास झाली, हे मान्य करायलाच हवं. चौथ्या ठोक्याला कोयत्यावर कोयता बसला, ठिणगी उडाली आणि सगळं मैदान ओरडलं. मामा तर खुर्चीवर चढले. लोक टाळ्यांनी ठेका धरायला लागले. आणि मग फाटकाजवळ, वरात पोचवून चहा पीत उभ्या असलेल्या ढोलपार्टीला सुरसुरी आली. त्यांनी तोच ठोका उचलला.

कौतुकानेच उचलला हो! वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. वाजवत वाजवत ते थेट यज्ञेशच्या बाजूला येऊन उभे राहिले. इतक्या ढोलांपुढे चेतनाचा माइक काय ऐकू येणार? आणि वरातीतले ढोल ते, पब्लिक नाचायला लागल्यावर चढतच जाणार. कोयते त्यांच्या मागे धावायला लागले. चेतनाही धावली, हात जळेपर्यंत वाजवत राहिली. आकाशच्या कपाळावरचा घाम तिला दिसत होता. त्याचा कोयता दोनदा उशिरा पोचला. ती किंचाळली, पण टाळ्यांत तिचं तिलाच ऐकू आलं नाही.

हा वेग अजून वाढला तर पोराचा हात जाईल, एवढंच तिला कळत होतं. तिने श्वेताला हात केला, श्वेताने हसून अंगठा दाखवला. मग चेतनाने आयुष्यभर जे केलं तेच केलं. ढोलावरचे हात उचलले.

तिचे हात उचललेले आकाशने बघितले. पाय रोवले, जागच्या जागी उभा राहिला आणि कोयता खाली आणायला लागला. यज्ञेशच्या पाठीला काय कळणार? त्याच्या कानात ढोल होते, आणि ढोलांचा चौथा ठोका आला. जिथे आकाशचा कोयता असायला हवा होता तिथे त्याचं उघडं मनगट होतं.

यावेळी ठिणगी उडाली नाही. लोकांना वाटलं नाच संपला, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण बोटं मिटतील की नाही ते आत्ता सांगता येणार नाही. यज्ञेश बाहेर भिंतीला डोकं लावून रडत होता. चेतना खाटेशी बसली. रोज दहा जणांच्या शिरा शोधणारी बाई, पण भावाच्या हाताला बोट लावायची तिची हिंमत होईना. भुलीतून अर्धवट जागा होत आकाशने तिच्याकडे बघितलं.

“ताई, मी थांबलो होतो ना गं लगेच?”

“हो रे सोन्या,” ती म्हणाली. “लगेच थांबलास.”