वेल्सच्या पाहुण्याचं पान

वडील वेरूळला गाइड होते. निजामाच्या काळात ते उर्दू शाळेत शिकले. पोलीस अ‍ॅक्शननंतर शाळा मराठी झाल्या, तोवर त्यांची शाळा सुटली होती. इंग्रजी त्यांना पर्यटकांचं ऐकून ऐकून बोलायला आलं, लिहायला-वाचायला आलं नाही. म्हणून त्यांना येणारी इंग्रजी पत्रं मी वाचायचो आणि उत्तरंही मीच लिहायचो.

पत्रं एकाच माणसाची, वेल्समधल्या एका निवृत्त शिक्षकाची. कैलास लेणं दाखवताना वडील त्याला ‘तुमच्या इंग्लंडात’ म्हणाले, तेव्हा त्यानं थांबवून सांगितलं की मी इंग्रज नाही. त्याचे आजोबा शाळेत घरची वेल्श भाषा बोलले म्हणून इंग्रजी मास्तरांनी त्यांच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवली होती. वडिलांना पुढचं समजावून सांगावं लागलं नाही. जाताना त्यानं पायरीवर बसून घरचा पत्ता लिहून घेतला.

मग दरवर्षी त्याच्याकडून कॅलेंडर यायचं. लाल ड्रॅगनचा झेंडा, पिवळी डॅफोडिलची फुलं, स्नोडनचा डोंगर. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरी कुणी आलं की वडील छडी घेऊन भिंतीपाशी उभे राहायचे, लेण्यात राहायचे तसेच. कॅलेंडरातल्या कार्नार्व्हनच्या किल्ल्यावर छडी टेकवून म्हणायचे, “इंग्रज राजानं ह्यांनाच दाबायला बांधला. आता हेच तिकीट लावून दाखवतेत. आपण दौलताबाद दाखवतो तसंच.” लीक ही कांद्याच्या पातीची थोरली बहीण, तिकडचे सैनिक लढाईत ती टोपीत खोवायचे, हेही ते न चुकता सांगायचे.

मी कंपनीत पाळ्या करत होतो. वडील मजकूर सांगायचे, मी कागदावर उतरवून घ्यायचो आणि उद्या इंग्रजी करून टाकतो म्हणायचो. एका वर्षी पत्र टाकलंच नाही. विचारल्यावर टाकलं म्हणालो. पुढच्या वर्षीही तेच झालं. तिसऱ्या वर्षी पाहुण्याचं पत्र माझ्याच हातात पडलं. त्यानं लिहिलं होतं की उत्तर येत नाही, तेव्हा तुम्ही बहुधा आता हयात नसाल. हे माझं शेवटचं पत्र. मी ते कपाटात कपड्यांखाली ठेवलं. वाचून दाखवलं असतं तर माझं खोटं उघडं पडलं असतं.

कॅलेंडर थांबलं. दोन वर्षं वाट पाहून वडिलांनी मनाशी ठरवलं की पाहुणा गेला. सर्वपित्री अमावस्येला त्यांनी पितरांच्या पानाशेजारी त्याच्यासाठी एक पान मांडायला लावलं आणि बाजारातून कांद्याच्या पातीची जुडी आणली.

बायको अडली. “मामंजी, श्राद्धाला कांदा चालत नाही.”

“त्यांच्यात टोपीत खोवतेत, सूनबाई. ठेव तू.”

गच्चीच्या कठड्यावर दोन्ही पानं ठेवली. आमच्या पानाला कावळे लगेच शिवले. पाहुण्याच्या पानाकडे एकही फिरकला नाही. वडील उन्हात उभेच राहिले.

“त्याचं कायतरी राह्यलंय,” ते म्हणाले. “माझं शेवटचं पत्र नीट लिहिलं होतंस ना?”

“हो.”

त्यांनी त्या पानाला हात जोडले. “काही राह्यलं असंल तर माझा मुलगा लिहील तुला.” तरी कावळा आला नाही. शेवटी ते पान गाईला दिलं.

त्याच दुपारी मी पत्र लिहिलं. वडील हयात आहेत, उत्तरं मी टाकली नाहीत, एवढंच. ते मी स्वतः जाऊन पेटीत टाकलं.

दीड महिन्यानं त्याच्या मुलीचं उत्तर आलं. तिचे वडील उन्हाळ्यात वारले, असं तिनं लिहिलं होतं. वेरूळचा मित्र आपल्या आधी गेला, असं ते शेवटपर्यंत म्हणत होते.

मी वडिलांसमोर बसून पत्र वाचलं. शेवटचं वाक्य गाळलं.

वडिलांनी उन्हाळा कोणता ते विचारलं. यंदाचाच, मी सांगितलं. त्यांनी बोटांवर महिने मोजले आणि मान हलवली.

“म्हणजे पान बरोबर ठेवलं आपण,” ते म्हणाले.