मीठवाल्यांच्या रांगेतला बारावा माणूस

माझं शेवटचं पोस्टिंग ग्राउहाफेनला झालं. तेव्हा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन मला सहा वर्षं झाली होती. मुलगी आणि जावई हॅम्बर्गला आयटीत, मी त्यांच्याकडे राहायला आलेलो. दोघं कामावर गेली की डिशवॉशर रिकामा करायचा आणि पाऊस बघत बसायचं. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशी गत. बंदराच्या फेरीबोटीत एक कागद चिकटवलेला दिसला: पहारेकरी पाहिजेत, अनुभवी, वयाची अट नाही. मी गेलो.

ग्राउहाफेन नकाशावर नाही. धुकं दाट असलं की एखादी फेरी शेवटच्या थांब्यावरून मागे वळत नाही, पुढेच जाते. चाळीस मिनिटांनी तटबंदी दिसते. हे कसं, असं सिव्हिलियन लोक मला विचारतात. मला माहीत नाही. ऑर्डर आली की जागा कशी आहे एवढं बघायचं, का आहे हे विचारायचं नाही, हीच आमची सवय. आणि शेवटी जर्मनीच ती. तिथेही पहिल्या दिवशी रांगेत उभं राहून आनमेल्डुंग करावं लागलं. पत्त्याच्या नोंदीचा शिक्का मिळेपर्यंत कुणी जेवायला दिलं नाही.

शहर व्यापाऱ्यांचं. राजा नाही, सात घराणी आणि त्यांची सभा, तिला राट म्हणत. बाजार सकाळी आठला उघडायचा. हेरिंग मासळी, मीठ, मेण यांच्या शेजारी दोरीच्या गाठीत बांधलेला वारा विकायला असे. एक गाठ सोडली की झुळूक, तिसरी सोडली की वादळ. एक म्हातारी दुसऱ्यांची झोप मातीच्या बरणीतून विकायची, आणि बरणीला कान लावला की आतून घोरणं ऐकू यायचं. पहिले चार दिवस माझ्या अंगावर काटा आला. पाचव्या दिवशी मी तिच्याशी घासाघीस करत होतो. माणूस कशालाही सरावतो.

राजकारण सोपं होतं. रोज साडेसातला सभेच्या राटहाउससमोरच्या चौकात सगळे पहारेकरी रांगेत फॉल-इन व्हायचे. ज्या घराण्याच्या रांगेतून जास्त माणसं 'हजर' म्हणतील, बंदराची किल्ली त्या घराण्याकडे. मी मीठवाल्या घराण्याचा रोल कॉल घ्यायचो. आमची बारा माणसं, मेणवाल्यांची अकरा. त्या एका माणसावर किल्ली आमच्याकडे होती. मेणवाल्यांच्या रांगेत तिघांच्या तोंडून कडाक्याच्या थंडीतही वाफ निघत नसे. मी ते पाहिलं आणि सोडून दिलं. दुसऱ्याच्या प्लॅटूनमध्ये नाक खुपसू नये.

आमचा बारावा माणूस सांगलीचा होता. पन्नाशीचा मेकॅनिकल इंजिनिअर, ड्युसेलडॉर्फच्या कंपनीत अठरा वर्षं काढून कपातीत बाहेर पडलेला. बायकोला सांगितलं होतं की हॅम्बर्गला कॉन्ट्रॅक्ट मिळालंय. कॉलेजातल्या एनसीसीच्या बळावर पहारेकरी झाला होता. मी त्याला खूप छळायचो. "इंजिनिअर, भाला असा धरतात का? की जेवणाचा डबा आहे तो?" तो हसायचा. अख्ख्या शहरात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. त्याची ड्यूटी पोस्ट चारवर, म्हणजे उत्तरेच्या पाणदरवाजावर. भरतीचं पाणी शहरात शिरू नये म्हणून लोखंडी दार आणि ते खाली आणायला हातानं फिरवायचं चाक.

त्या दिवशी दुपारी १४:०० वाजता भरतीचा इशारा झाला. मी तटावर होतो. आमच्या कमरेला तलवार असायची आणि खांद्याला वायरलेस. १४:१० ला इंजिनिअरचा आवाज आला.

"साहेब, दार दीड फुटावर अडकलंय. बाहेरच्या खाचेत पाचर बसलीय. आतून निघत नाही, दाराखालून बाहेर जावं लागेल. ओव्हर."

"बाहेर पाणी किती? ओव्हर."

"कमरेएवढं. सांगलीत घरात याहून जास्त पाहिलंय. ओव्हर."

खालच्या गल्लीत बाजार भरलेला होता. बायका होत्या, लेकरं होती.

"जा," मी म्हणालो.

"जातो, साहेब. आउट."

१४:२२ ला पाचर निघाली आणि दार स्वतःच्या वजनानं पूर्ण खाली आलं. तो बाहेर राहिला. भरती उतरल्याशिवाय दार उघडता येत नव्हतं. १९:०० वाजता उघडलं, तेव्हा बाहेर चिखलात फक्त पाचर पडली होती.

आता माझी चूक सांगतो. आमच्या फौजेत कारवाईनंतर पूर्ण रोल कॉल होतो. गेलेल्याचंही नाव पुकारायचं, उत्तर नाही आलं की त्याच्यापुढे रेघ मारायची. दुसऱ्या दिवशी साडेसातला मी अकरा नावं घेतली आणि सवयीनं बारावंही घेतलं. पेन्सिल हातात तयार होती.

"हजर, साहेब."

तो आपल्या जागेवर उभा होता. बुटांतून पाणी गळत होतं. तोंडून वाफ येत नव्हती. रांगेत कुणी मान वळवली नाही.

मीठवाल्यांच्या घराण्याची प्रमुख एक सत्तरीची बाई होती, फ्राऊ सेनाटोरिन, म्हणजे सभासदबाई म्हणायचे तिला. तिनं मला बाजूला घेतलं.

"आल्झो, हे बघा, सुभेदार. तुम्ही नाव घेतलंत, तो आला. रोज घेत राहा. सलग तीन सकाळी घेतलं नाहीत तर जाईल, मग कितीही हाका मारा."

"आणि मेणवाल्यांचे ते तिघं?"

"गेनाऊ, अगदी तसेच," ती म्हणाली आणि माझी कॉलर सरळ केली.

मी नाव घेत राहिलो. किल्लीसाठी नाही, ती बाई गेली खड्ड्यात. 'जा' हा शब्द मी उच्चारला होता. तो 'हजर' म्हणायचा तेवढा वेळ मला वाटायचं, मी त्याला मारलं नाही. स्वार्थ होता तो, दुसरं काही नाही. रोल कॉलनंतर तो पोस्ट चारवर जायचा आणि चाकाजवळ उभा राहायचा. जेवायचा नाही, हसायचा नाही. मी भाल्यावरून चिडवलं तरी नाही. रोज एकच विचारायचा.

"साहेब, माझ्या जागी रिलीफ कधी येणार?"

"येईल." असं मी दहा दिवस सांगितलं.

अकराव्या दिवशी तो म्हणाला, "साहेब, इथे बाहेर फार थंड आहे."

"बाहेर कुठे? माझ्यासमोर उभा आहेस."

"नाही, साहेब. मी दाराबाहेरच आहे. तुम्ही हाक मारता ती ऐकू येते, म्हणून उत्तर देतो."

 

दुसऱ्या सकाळी मी अकरा नावं घेऊन वही मिटली. तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या पुढच्या सकाळी रांगेतून आवाज आला, "साहेब, माझं नाव राहिलं." मी लाइन तोडायचा हुकूम दिला.  फ्राऊ सेनाटोरिन पायरीवर उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

तिसऱ्या सकाळी ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "नाव घ्या," ती म्हणाली. "हा हुकूम आहे."

मी अकरावं नाव घेतलं आणि थांबलो.  त्यानं काही विचारलं नाही. सावधान होऊन मला सलाम केला. मी सलाम परत केला आणि हात खाली आणला, तेव्हा जागा रिकामी होती. दगड ओले होते. बंदराची किल्ली कुणाकडे गेली ते मी पाहिलं नाही. तलवार आणि वायरलेस जमा करून दहाच्या फेरीनं निघालो.

हॅम्बर्गला उतरून थेट ड्युसेलडॉर्फची गाडी धरली. त्याच्या बायकोला सगळं सांगितलं, 'जा' कोण म्हणालं तेही.  वहिनी म्हणाल्या, "इथली मराठी मंडळी श्रद्धांजलीची सभा ठेवतील. तुम्ही त्यांचे साहेब. त्यांचं नाव घेऊन दोन शब्द तुम्हीच बोला."

आमच्या पलटणीत दरवर्षी शहिदांची नावं वाचतात. मी बावीस वर्षं वाचली, एकदाही आवाज हलला नाही.

"वहिनी, माझ्याच्यानं ते नाव घेववणार नाही. घेतलं, आणि त्यानं उत्तर दिलं तर?"

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी तरी कुठे घेतलं? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. नंतर सगळा संसार 'अहो'वरच झाला." मग विचारलं, "आता थंडी वाजत नसेल ना हो त्यांना?"

"नाही, वहिनी. रिलीफ झाली त्याची."

त्या उठल्या, चहा केला. शेजाऱ्यांचे नळ न विचारता दुरुस्त करायचा, पोहताना नाक धरायचा, सांगलीच्या पुरात त्यानं सगळ्यात आधी शाळेची पेटी वाचवली होती, असं त्या सांगत गेल्या आणि मी भाल्याचं सांगितलं. दोघंही हसलो आणि रडलो. दोन तास आम्ही त्याच्याविषयीच बोलत होतो, आणि नाव कुणीच घेतलं नाही.