राहेलचा नंबर कधी?

चार बायका एकत्र जमल्या की चहा संपतो, किस्से मात्र साठत जातात. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी कर्जतला शाळेत मास्तरीण होते आणि आमच्या चर्चच्या भगिनी मंडळाची सेक्रेटरी. वही माझ्याकडे, म्हणून किस्सेही माझ्याकडेच साठले. सगळे हसण्यासारखे नाहीत, हे आधीच सांगते.

*

आमच्या हजेरीला 'हजर' म्हणायची पद्धत नव्हती. मी नाव पुकारायचं आणि त्या बाईनं उभं राहून शास्त्रातलं एक वचन म्हणायचं. आता, 'येशू रडला' हे सगळ्यांत छोटं वचन, दोनच शब्दांचं. त्यामुळे येशू आमच्याकडे दर महिन्याला सात-आठ वेळा रडायचा! शेवटी पाळकबाई, म्हणजे चर्चच्या पाद्रीसाहेबांच्या पत्नी आणि आमच्या प्रेसिडेंट, वैतागून म्हणाल्या, "पुरे झालं. आता कुणीतरी त्याचे डोळे पुसा."

*

बैठक दर महिन्याला एकेकीच्या घरी. वहीत ज्या क्रमानं नावं, त्याच क्रमानं नंबर. नंबर लागला की बाई घर सारवणार, ठेवणीतल्या कपबश्या काढणार. साखर तर रेशनवर. एस्तेरबाईंनी गुळाचा चहा केला आणि दूध फाटलं. पाळकबाईंनी तो घोट घोट करून संपवला आणि शेवटच्या प्रार्थनेत सहनशीलता दिल्याबद्दल प्रभूचे आभार मानले. एस्तेरबाई दोन महिने त्यांच्याशी बोलत नव्हत्या.

*

राहेल पळसदरीच्या वरच्या वाडीतली कातकरीण. नवऱ्याबरोबर कोळशाच्या भट्टीवर राबायची. दोघांनी बाप्तिस्मा घेतला आणि ती बैठकीला यायला लागली, दोन तास चालत. दाराशी, चपलांजवळ बसायची. आत ये, असं तिला कुणी म्हटलं नाही. मीही नाही.

एकदा तिनं मला विचारलं, "बाई, माजं नाव वहीत हाय ना? दुसरीकडं कुटंच लिवलेलं नाय."

नाव नव्हतं. पाळकबाईंनी मला आधीच बाजूला घेऊन समजावलं होतं, नाव घातलं की नंबर लागणार, आणि मग वाडीत जाऊन तिच्या हातचा चहा प्यावा लागणार. आमच्या स्वतःच्या आजोबांना गावच्या विहिरीला हात लावू देत नव्हते. ते विसरायला आम्हाला दोन पिढ्या पुरल्या.

तिला कुठं वाचता येत होतं? मी वही उघडली, मंडळातल्या मार्थाबाईंच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "हे बघ, राहेल." तिनं त्या नावावरून हळूच हात फिरवला. सांगायला लाज वाटते, पण वेळ निभावली म्हणून मला तेव्हा हायसं वाटलं होतं.

त्यानंतर हजेरीच्या शेवटी मी वहीत बघून वाचल्याचं सोंग करायची आणि "राहेल" म्हणून पुकारायची. ती उभी राहून वचन म्हणायची, सगळ्यांत लांबलचक.

*

तिनं खोपोलीच्या बाजारातून सहा कपबश्या आणल्या. मग दर महिन्याला एकच प्रश्न, "माजा नंबर कदी?" मी आपली पुढच्या महिन्यावर ढकलायची. एकदा तर सांगितलं, पावसापाण्याचं वाडीवर कसं चढायचं गं? ती वर आभाळाकडे बघत म्हणाली, "बाई, चैत सुरू हाय."

*

मग मिशनच्या मिससाहेब आल्या आणि त्यांनी फर्मान काढलं की मंडळातल्या प्रत्येकीनं एका अडाणी बाईला वाचायला शिकवायचं. राहेल माझ्या वाट्याला आली, कारण ती बाकी कुणाला नको होती. पोरगी भलती हुशार! आपणहून तिनं पहिल्यांदा काय वाचलं असेल, तर रेशनच्या दुकानावरची पाटी, 'साखर नाही'. दुकानदार म्हणाला, "एवढं तर अख्ख्या कर्जतला न वाचताच समजतं."

मी मिससाहेबांपुढे तिची प्रगती तिखटमीठ लावून सांगितली, शाबासकी घेतली. स्वतःला मास्तरीण म्हणवणारी मी, पण आपण काय करून ठेवतोय हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

*

पुढची बैठक माझ्या घरी होती. वही टेबलावर ठेवून मी चहा आणायला आत गेले. कपांचा ट्रे घेऊन बाहेर येते तर वही राहेलच्या हातात. टेबलापाशी उभी राहून ती एकेक अक्षर जुळवत मोठ्यानं नावं वाचत होती. मार्थाबाईंच्या नावाशी थांबली. ते परत वाचलं. माझ्याकडे एकदा बघितलं आणि खालची नावं वाचायला लागली. चौदाच्या चौदा नावं. कुणी तिला थांबवलं नाही. पाळकबाई नुसत्या पदराचं टोक पिळत बसल्या होत्या.

मी ट्रे तसाच धरून उभी. राहेलनं तो माझ्या हातातून काढून घेतला, बाजूला ठेवला आणि दौतीतला टाक माझ्या हातात दिला.

"बाई, खाली जागा हाय. लिवा."

मी लिहिलं. तिनं वही आपल्याकडे फिरवली आणि मी नक्की काय लिहिलंय, ते एकेक अक्षर लावून वाचून बघितलं.